डेंटल स्टुडंटने हेडलाईट कशी निवडावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थर्ड इयरच्या पोस्टिंग (क्लिनिकमधल्या पाळ्या) सुरू झाल्या की ज्युनियर्सचे मेसेज सुरू होतात. निम्म्या मेसेजमध्ये डोक्याला लावायच्या कुठल्यातरी लाईटचा स्क्रीनशॉट आणि खाली "ही घेऊ का?" एवढंच असतं. तेच ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे अगदी साधे आहेत, पुढचे जरा अडचणीचे. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला नंबर दिला आहे. किमती ढोबळ आहेत, घेताना डेंटल डेपोत (डेंटल सामानाच्या दुकानात) आणि ऑनलाइन दोन्हीकडे बघा.

१. चेअरला एवढी मोठी लाईट असते, मग डोक्याला आणखी एक कशाला?

चेअरची लाईट वरून येते आणि तुमची नजर तिरकी आत जाते. या दोन रेषांमध्ये जितका जास्त कोन, तितकी जास्त सावली. तुमचं डोकं, हँडपीस (ड्रिल) धरलेला हात, सक्शन धरून उभा असलेला बॅचमेट, सगळ्यांच्या सावल्या नेमक्या कॅव्हिटीत (दातातल्या खड्ड्यात) पडतात. हेडलाईट दोन डोळ्यांच्या मध्ये बसते, त्यामुळे प्रकाश आणि नजर जवळजवळ एकाच रेषेत जातात. सावली तेव्हाही पडते, पण ती वस्तूच्या मागे जाते आणि तुम्हाला दिसत नाही.

खरा फरक कळतो तो वरच्या दाढांवर. अपर सेकंड मोलरचं ॲक्सेस ओपनिंग (रूट कॅनालसाठी दात उघडणं) आरशात बघून करताना चेअरची लाईट एका कोनात आणायची, आरसा दुसऱ्या कोनात धरायचा, आणि पेशंटने जरा मान हलवली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. हेडलाईटचा प्रकाश आरशावरून नजरेसोबतच वळतो, त्यामुळे आरशात जे दिसतं तिथेच उजेड असतो. पल्प चेंबरच्या (दाताच्या आतल्या पोकळीच्या) तळाशी एमबी-टू या मुळातल्या जादा नळीचं तोंड शोधताना किंवा क्राऊन प्रेपची (कॅपसाठी घासलेल्या दाताची) डिस्टल मार्जिन, म्हणजे मागची कड, बघताना एवढं पुरेसं असतं.

मात्र चेअरची लाईट बंद करू नका. हेडलाईट डोक्याबरोबर फिरते. तुम्ही ट्रेकडे बघितलंत की तोंडात अंधार होतो आणि असिस्ट करणारा थांबून राहतो. चेअरची लाईट मंद ठेवून सोबतीला चालू असू द्या. डोळ्यांच्या दृष्टीनेही तेच बरं, ते प्रश्न १४ मध्ये.

२. सेकंड इयरला फँटम हेडवर (सरावाच्या कृत्रिम डोक्यावर) काम करतोय. आत्ताच घेऊ का?

घाई नको. फँटम हेडला ओठ-गाल रबराचे, जीभ नाही, लाळ नाही, आणि लॅबची लाईट हवी तशी वाकवता येते. क्लिनिकमध्ये पाय ठेवल्यावर आपल्याला नेमकं कुठे दिसत नाही हे कळतं, मग खरेदी शहाणपणाची होते. दरम्यान सिनियरची लाईट एखाद्या दुपारी मागून लावून बघा. कोणी नाही म्हणत नाही.

३. पैसे एकाच गोष्टीपुरते आहेत. आधी लूप्स (चष्म्यावर बसणारी भिंगं) की आधी लाईट?

माझं मत लाईट. उजेड नसताना मोठं करून बघितलं तर मोठा अंधार दिसतो, कारण मॅग्निफिकेशन वाढलं की डोळ्यापर्यंत पोचणारा प्रकाश कमीच होतो. उलट साध्या डोळ्याला चांगला उजेड मिळाला तर एक्स्ट्रॅक्शन, स्केलिंग आणि क्लास टू कॅव्हिटी (दोन दातांच्या मधल्या बाजूची), तिन्ही सुधारतात.

अपवाद एकच. तुमची मान-पाठ आत्ताच दुखत असेल तर नीट माप घेऊन केलेले लूप्स आधी घ्या. लूप्सची फोकसची जागा ठरलेली असते, जवळ वाकलात की धूसर दिसतं, म्हणून पाठ आपोआप ताठ राहते. लाईटमध्ये असा कुठलाच लगाम नाही. उलट काय होतं ते प्रश्न १६ मध्ये वाचा.

४. लक्स किती हवेत? एक कंपनी ३०,००० सांगते, दुसरी १,००,०००.

आधी लक्स आणि लुमेनचा घोळ सोडवू. एलईडीमधून एकूण किती प्रकाश बाहेर पडतो ते लुमेन. तो किती जागेवर पसरतो ते धरून एका चौरस मीटरला किती पडतो ते लक्स. १०० लुमेन ८ सेंटीमीटर व्यासाच्या गोलात टाकले तर साधारण २०,००० लक्स होतात. तेच १०० लुमेन १६ सेंटीमीटरच्या गोलात पसरले तर ५,००० च्या आसपास. एलईडी तीच, बॅटरी तीच, फक्त लेन्स वेगळी.

दुसरी गोम अंतराची. पसरणाऱ्या बीमचं अंतर दुप्पट केलं की लक्स साधारण चौथाईवर येतात. आपण ३५ ते ४५ सेंटीमीटरवरून काम करतो. जाहिरातीतला आकडा २० सेंटीमीटरवर मोजलेला असेल तर तुमच्या पेशंटच्या तोंडात त्याचा पाव भागच पोचेल. म्हणून आकड्याच्या शेजारी अंतर लिहिलं नसेल तर तो आकडा सोडून द्या.

कामाच्या अंतरावर २०,००० ते ३०,००० लक्स स्टुडंटला भरपूर होतात, लूप्स नसले किंवा २.५ एक्सचे (अडीच पट मोठं दाखवणारे) असले तरी. ३.५ एक्स किंवा त्यापुढचे प्रिझमॅटिक लूप्स असतील तर थोडं जास्त हवं. भर दुपारचं थेट ऊन सुमारे एक लाख लक्सचं असतं. तेवढा उजेड ओल्या इनॅमलवर टाकला तर नुसती चकाकी दिसते आणि व्हाइट स्पॉट लिजन (किडीचा सुरुवातीचा पांढरा डाग) त्या चकाकीत हरवतं. त्यामुळे जास्तीत जास्त लक्स किती यापेक्षा लाईट किती मंद करता येते हे विचारा. तीन पातळ्या असाव्यात, आणि तुम्ही बहुतेक वेळ मधलीच वापराल.

५. लक्स मोजायचं यंत्र नाही. मोबाईलवर मोजता येतं का?

दोन लाईट्सची तुलना करण्यापुरतं येतं. ॲन्ड्रॉइड फोनच्या पुढच्या बाजूला सेन्सर असतो, लक्स मीटरची फुकट ॲप्स तोच वापरतात. आयफोनमधली ॲप्स कॅमेऱ्यावरून अंदाज बांधतात. खूप उजेडात काही फोनचा आकडा एका ठिकाणी येऊन अडकतो, मग वर जातच नाही. खरा आकडा किती हे विसरा. एकाच फोनवर, एकाच अंतरावर, आधी मित्राची लाईट आणि मग तुमची धरा. शिवाय लाईट चालू केल्याबरोबर एकदा आणि वीस मिनिटांनी एकदा मोजा. स्वस्त लाईटची बॉडी तापते, आतलं सर्किट करंट कमी करतं आणि उजेड गुपचूप उतरतो. डेपोच्या काउंटरवर दोन मिनिटं लावून हे कधीच कळत नाही.

६. बीम चांगला आहे की नाही, हे बघायचं कसं?

पांढऱ्या भिंतीसमोर ४० सेंटीमीटरवर धरा. गोल दिसायला हवा आणि त्याचा व्यास ७ ते १० सेंटीमीटर असावा, म्हणजे पेशंटचं तोंड व्यापतं आणि डोळे सुटतात. आता कड बघा. चांगल्या लेन्सची कड ठसठशीत असते. हलक्या लेन्सला कडेला निळी किंवा पिवळी झालर दिसते, कधी मधोमध एलईडीच्या चिपचा चौकोनी ठसाही उमटतो. हा चौकोन एकदा दिसला की पुढे प्रत्येक केसमध्ये दिसत राहतो.

मग एक पांढरा कागद घ्या, मध्ये टिंब काढा, तो टेबलावर ठेवून नेहमीच्या बैठकीत बसा आणि गोलाचा मध्य टिंबावर आणा. लूप्स असतील तर एक डोळा मिटून बघा, मग दुसरा. दोन्ही डोळ्यांना टिंब उजेडाच्या मधोमध दिसलं पाहिजे. लाईटचं डोकं वर-खाली वळतं का आणि वळवलेल्या जागी थांबतं का हेही याच वेळी कळेल. ढिली बिजागरी ही स्वस्त लाईटची सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार आहे: एअरोटर (हवेवर फिरणारं ड्रिल) चालू असताना गोल हळूहळू पेशंटच्या हनुवटीकडे घसरतो आणि तुमचे दोन्ही हात तोंडात अडकलेले असतात.

७. पांढरी लाईट घेऊ की पिवळसर? केल्विन आणि सीआरआय म्हणजे काय?

केल्विन म्हणजे प्रकाशाची छटा. ३,००० च्या आसपास पिवळट, ५,००० ते ५,५०० दिवसाच्या उजेडाजवळचा, ६,५०० च्या पुढे निळसर. ५,००० ते ५,७०० मधली घ्या. निळसर लाईट पहिल्यांदा जास्त झगझगीत वाटते, म्हणून दुकानात तीच आवडते, पण तिच्यात हिरडीची लाली फिकी पडते.

सीआरआय म्हणजे त्या प्रकाशात रंग किती खरे दिसतात त्याचा गुण, जास्तीत जास्त १००. ९० च्या वर असेल तर उत्तम. डब्यावर लिहिलेलं नसेल तर आपला तळहात लाईटखाली धरा, मग खिडकीच्या उजेडात धरा. कातडी राखाडी किंवा हिरवट दिसली तर सोडून द्या. इन्फ्लेम्ड पॅपिला (दोन दातांमधली सुजलेली हिरडी), डेंटिनचा कॅरिअस (किडलेला) आणि निरोगी भाग, हे सगळं रंगावरूनच ओळखायचं आहे.

शेड सिलेक्शन (दाताचा रंग जुळवणं) मात्र कितीही चांगल्या हेडलाईटखाली करू नका. लाईट बंद करा, चेअरचीही बंद करा, पेशंटला खिडकीजवळ न्या, आणि दात कोरडे पडायच्या आत शेड गाइड लावा. ए-टू आणि ए-थ्री या शेडमधला फरक ओल्या दातावर कळतो.

८. हेडलाईटने कंपोझिट (दात भरायचं दाताच्या रंगाचं मटेरियल) आपोआप कडक होतं म्हणतात. खरं का?

खरं आहे. बहुतेक कंपोझिटमध्ये कॅम्फरक्विनोन असतं, ते निळा प्रकाश शोषून घेतं आणि सगळ्यात जास्त सुमारे ४६८ नॅनोमीटरला. पांढरी एलईडी मुळात निळी चिप असते, साधारण ४५० नॅनोमीटरची, वर पिवळ्या फॉस्फरचा थर. म्हणजे तुमच्या पांढऱ्या लाईटमध्ये क्युअरिंग लाईटचा (कंपोझिट कडक करणाऱ्या निळ्या लाईटचा) छोटा भाऊ बसलेला आहे. कंपोझिटच्या आयएसओ ४०४९ मानकाच्या २००९ च्या आवृत्तीत आजूबाजूच्या उजेडाची एक चाचणी आहे: साधारण ८,००० लक्सखाली ६० सेकंद मटेरियल टिकलं पाहिजे. तुमची लाईट २५,००० लक्सची असेल तर हिशोब तुम्हीच करा.

म्हणून नारिंगी फिल्टर हवाच. तो साधारण ५०० नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश अडवतो. फिल्टर लाईटवर झाकणासारखा उघडमीट करणारा किंवा चुंबकाने चिकटणारा असावा. सुटा येणारा फिल्टर महिनाभरात ट्रेखाली, एप्रनच्या खिशात किंवा बायोमेडिकल वेस्टच्या पिशवीत गेलेला असतो.

फिल्टर खरंच काम करतो का ते घरीच बघता येतं. मिक्सिंग पॅडवर एक्स्पायरी झालेल्या कंपोझिटचे मसुराएवढे दोन गोळे ठेवा. एकावर ४० सेंटीमीटरवरून नुसती लाईट, दुसऱ्यावर फिल्टर लावून. दर अर्ध्या मिनिटाने प्रोब टोचा. पहिल्या गोळ्यावर आधी साय धरल्यासारखा पापुद्रा येतो, प्रोब ओढला की तो सुरकुततो. दुसरा गोळा बराच वेळ मऊ राहिला तर फिल्टर ठीक. तोही लगेच घट्ट झाला तर तो फिल्टर म्हणजे नुसतं रंगीत प्लास्टिक.

बाँडिंग एजंटलाही (कंपोझिट दाताला चिकटवणारं द्रव) हाच नियम. डॅपन डिशमध्ये (छोट्या वाटीत) आधीच काढून लाईटखाली ठेवू नका. केमिकली सेट होणाऱ्या साध्या जीआयसीला (ग्लास आयोनोमर सिमेंटला) याचा फरक पडत नाही, रेझिन मॉडिफाइडला पडतो.

९. वायरवाली घेऊ की वायरलेस?

वायरवालीत डोक्यावर फक्त एलईडी आणि लेन्स असते, वजन १०-३० ग्रॅमच्या घरात, आणि बॅटरी कमरेला. वायरलेसमध्ये बॅटरीही कपाळाशीच. चाळीस-पन्नास ग्रॅम ऐकायला काहीच वाटत नाहीत, पण ते नाकाच्या पुढे टांगलेले असतात आणि दुपारी दोन वाजता नाकावर दोन लाल वळ उठलेले असतात. लूप्सचं वजन वेगळंच.

वायरचा त्रास वेगळा: एप्रनच्या खिशातून, मास्कच्या दोरीतून, चेअरच्या आर्मरेस्टमधून ती कुठेतरी अडकते आणि तुटते ती नेहमी कनेक्टरपाशी. वायर सुटी काढता येते का आणि तीच वेगळी विकत मिळते का हे आधी विचारा. मिळत नसेल तर वायर तुटली की लाईट गेली.

दिवसभर केसचा कोटा पूर्ण करायला धावणाऱ्या स्टुडंटला मी वायरवालीच सुचवेन. वायर एप्रनच्या आतून, पाठीवरून न्या. ओरल सर्जरीत गाऊन घालून-काढून कंटाळा येत असेल, किंवा अर्ध्या-पाऊण तासाचीच कामं असतील तर वायरलेस सुटसुटीत.

१०. बॅटरीवर ९,९०० एमएएच लिहिलंय. दोन दिवस चालेल ना?

नाही. कमरेच्या डब्यात बहुतेक वेळा १८६५० हा लिथियम सेल असतो, १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. त्यात खरोखर २,५०० ते ३,५०० एमएएच मावतात. ९,९०० लिहिलेला १८६५० हा थापेबाज सेल, आणि सेलवर थाप मारणारा माल बाकी ठिकाणी खरं बोलत असेल असं समजू नका.

हिशोब सोपा आहे. ३,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे सुमारे ११ वॉट-अवर. लाईट ३ वॉट खात असेल तर पूर्ण उजेडावर तीन-साडेतीन तास, मधल्या पातळीवर त्याहून बरेच जास्त. सकाळच्या क्लिनिकला पुरतं. वायरलेसची चिमुकली बॅटरी ५०० एमएएचची असेल तर मधल्या पातळीवरही तास-दीड तासच, म्हणून तिच्यासोबत दोन बॅटऱ्या यायलाच हव्यात.

डबा उघडून सेल बदलता येतो अशी लाईट मिळाली तर घ्याच, दोन वर्षांनी सेल दमला की फक्त सेल बदलायचा. नवा सेल संरक्षण सर्किटवाला आणि बीआयएस नोंदणीचा शिक्का असलेला घ्या. फुगलेला सेल वापरू नका, रात्रभर गादीवर ठेवून चार्ज करू नका. हॉस्टेलमध्ये हे सांगावं लागतं.

११. पुढच्या वर्षी लूप्स घेणार आहे. आत्ताची लाईट त्यावर बसेल का?

क्लिपवर अवलंबून. युनिव्हर्सल क्लिपवाली लाईट बहुतेक फ्रेमच्या नाकपुलावर बसते. फ्लिप-अप (वर उचलता येणाऱ्या) लूप्समध्ये त्याच जागी बिजागरी असते, म्हणून लाईट वर उंच लावावी लागते आणि ती नजरेच्या रेषेपासून जरा लांब जाते. काचेतच लेन्स बसवलेल्या टीटीएल लूप्सना स्क्रूचं भोक असतं, पण ॲडाप्टर कंपनीगणिक वेगळा. लूप्सचं माप देतानाच लाईट सोबत न्या आणि बसवून मागा. घरी ड्रिलने भोक पाडू नका, फ्रेमही जाईल आणि वॉरंटीही.

१२. मला चष्मा आहे. हेडबँड चांगला की क्लिप?

फ्रेम घट्ट असेल आणि लाईट १५-२० ग्रॅमची असेल तर क्लिप, मागे दोरी लावून. जाड काचा, घसरणारी फ्रेम किंवा रिमलेस चष्मा असेल तर हेडबँड. हेडबँडचा तोटा असा की लाईट कपाळावर जाते, डोळ्यांपासून तीन-चार सेंटीमीटर वर, त्यामुळे खोल कॅव्हिटीत थोडी सावली परत येते. आणि मे महिन्यात नागपूर किंवा जळगावला घामाने भिजलेला हेडबँड काय असतो ते तिथल्यांना विचारा. पट्टा धुता येणारा असावा.

१३. घरी ट्रेकिंगची हेड टॉर्च आहे. ईएनटीवाल्यांची लाईटही स्वस्त मिळते. चालेल?

ट्रेकची टॉर्च रस्ता दाखवायला केलेली असते: बीम रुंद, छटा निळसर, फिल्टर नाही. तोंडाऐवजी अख्खा चेहरा उजळतो आणि पेशंट डोळे मिटून घेतो. कॅम्पला ठीक (प्रश्न १७), कंपोझिटला अजिबात नको.

ईएनटीची एलईडी हेडलाईट बरी असते. गोल लहान-मोठा करता येतो, उजेड भरपूर. पण हेडबँड जड, आणि नारिंगी फिल्टर बहुधा नसतो. ओरल सर्जरीच्या पोस्टिंगपुरती हवी असेल, एखाद्या मेडिकलच्या मित्राकडून मिळत असेल, तर खुशाल वापरा.

१४. एवढ्या प्रकाशाने माझे डोळे खराब होतील का? पेशंटचे?

तुमच्या डोळ्यांत थेट प्रकाश जात नाही, परावर्तित जातो. दात, आरसा आणि मेटल मॅट्रिक्सवरून (भरताना दाताभोवती लावायची स्टीलची पट्टी) तो बऱ्यापैकी उसळतो. दिवसाअखेर डोळे चुरचुरत असतील तर आधी पातळी एकने उतरवा आणि खोलीत उजेड ठेवा. अंधाऱ्या खोलीत एकच झगझगीत गोल असेल तर डोळ्याची बाहुली सतत लहान-मोठी होत राहते, थकवा त्याचाच.

पेशंटच्या बाबतीत जबाबदारी तुमची. आडव्या झोपलेल्या माणसाच्या डोळ्यांत थेट बीम जातो तो तुम्ही मान उचलून त्याच्याशी बोलता तेव्हा. पेशंटला गडद गॉगल द्या, लहान मुलांना तर नक्कीच. बोलताना लाईट बंद करा. मायग्रेन आहे का हे केस हिस्टरीत विचारताच, तिथेच लक्षात ठेवा. लाईट घेताना आयईसी ६२४७१ या प्रकाशाच्या सुरक्षिततेच्या मानकानुसार जोखीम गट लिहिलाय का बघा. नामांकित कंपन्या देतात.

१५. निर्जंतुक कशी करायची? ऑटोक्लेव्हमध्ये टाकली तर?

तर नवीन घ्यावी लागेल. १२१ अंशांवर लिथियम सेल ठेवणं धोक्याचंही आहे. लाईटचं डोकं, वायर आणि बॅटरीचा डबा ओल्या वाइपने पुसा. स्प्रे थेट मारू नका, तो फटींतून आत जातो. हायपोक्लोराइट धातू खातं. अल्कोहोलने लूप्सच्या कोटिंगचे आणि पॉलिकार्बोनेटचे हाल होतात, तिथे कंपनीने सांगितलेलंच वापरा. फिल्टर दोन्ही बाजूंनी पुसा, एअरोटरचे शिंतोडे आतल्या बाजूलाही जातात.

बटण हा खरा प्रश्न. रक्ताळलेल्या ग्लोव्हने कमरेचं बटण दाबलं की तो डबा दूषित झाला. टच-स्विच असेल तर मनगट किंवा कोपर टेकवून चालू-बंद करता येते. साधं बटण असेल तर डब्याला क्लिंग फिल्म गुंडाळा आणि प्रत्येक पेशंटनंतर बदला.

१६. लाईट घेतल्यापासून मान जास्त दुखते. असं होऊ शकतं?

होऊ शकतं, आणि कारण बहुधा कोन असतो. लाईट जास्त वर बघत असेल तर गोल तोंडात आणायला तुम्ही मान खाली घालता. डोळ्यांनी खाली बघायचं काम मान करते आणि दिवसभर करते. प्रश्न ६ मधलं टिंब पुन्हा काढा: आधी पाठ ताठ करून बसा, नजर टिंबावर न्या, आणि मग लाईट वाकवून गोल नजरेपाशी आणा. क्रम महत्त्वाचा आहे. लूप्स काढले-घातले की रोज एकदा तपासा. एवढं करूनही दुखत असेल तर वजनाकडे बघा (प्रश्न ९).

१७. शाळांच्या कॅम्पला आणि लाईट गेल्यावर कशी उपयोगी पडते?

पब्लिक हेल्थच्या पोस्टिंगमध्ये पाठ केलेलं आठवा: टाइप थ्री तपासणीला आरसा, एक्स्प्लोरर आणि चांगला प्रकाश लागतो, टाइप फोरला टंग डिप्रेसर आणि मिळेल तो प्रकाश. आश्रमशाळेच्या व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या मुलाची तपासणी टाइप थ्रीच्या दर्जाची करायची असेल तर हेडलाईटच लागते. मुलाचं तोंड खिडकीकडे करा, लाईट मधल्या पातळीवर ठेवा, म्हणजे सगळ्या तपासणाऱ्यांना साधारण सारखाच उजेड मिळेल. रांग मोठी असते, जादा बॅटरी न्या.

वीज गेली तर एअरोटर थांबतो, पण टाके घालणं, टेंपररी भरणं, रक्त थांबतंय का बघणं थांबत नाही. अर्धवट एक्स्ट्रॅक्शनमध्ये वीज गेलेल्या प्रत्येकाला हे वेगळं सांगायला नको.

१८. शेवटी किती पैसे ठेवू?

बिननावाची क्लिपवाली लाईट दोन ते पाच हजारांत येते. जरा नीट लेन्स, फिल्टर, सुटी वायर आणि सर्व्हिस हवी असेल तर दहा-पंधरा हजारांच्या पुढे. नामांकित परदेशी कंपन्यांचा भाव लाखाच्या आसपासही जातो. बीडीएसला तो खर्च गरजेचा नाही.

पाच हजारांच्या आतली घेत असाल तर एकच अट, परत करायची मुदत असलेल्या ठिकाणाहून घ्या आणि त्या मुदतीत प्रश्न ५, ६ आणि ८ मधल्या तिन्ही चाचण्या करा. एक्स्पोडेंटसारख्या डेंटल प्रदर्शनात हात लावून बघता येतं, सवलतही मिळते, पण बिल, वॉरंटी कार्ड आणि तुमच्या शहरातल्या सर्व्हिस देणाऱ्याचा नंबर घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. पास झालेल्या सिनियरची सेकंडहँड लाईट हा सगळ्यात चांगला सौदा असू शकतो, फक्त सेल नवा टाका.

१९. फेस शील्ड लावलं की समोर सगळं पांढरं दिसतं. काय करू?

लाईट शील्डच्या आत आहे आणि तिचा प्रकाश प्लास्टिकवरून उलटा तुमच्याकडे येतोय. लाईटची लेन्स शील्डला जवळजवळ टेकेल इतकी पुढे घ्या, किंवा कपाळापाशी मोकळी जागा असलेलं शील्ड वापरा. ओरखडे पडलेलं शील्ड बदला. धुकं जमत असेल तर तो मास्कचा दोष आहे, नाकावरची पट्टी नीट दाबा.

२०. केसचे फोटो काढताना पट्टे येतात. लाईट बिघडली का?

बिघडली नाही. मंद करण्यासाठी बऱ्याच लाईट्स एलईडी सेकंदाला शेकडो-हजारो वेळा चालू-बंद करतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये बघा: ठळक काळे पट्टे धावत असतील तर ड्रायव्हर (एलईडीला करंट पुरवणारं सर्किट) हलका. काहींना अशा लाईटने डोकं दुखतं, त्यांनी घेण्याआधीच हे बघावं. इंट्राओरल फोटोला तसंही हेडलाईट बंद करून रिंग फ्लॅश वापरा, दोन छटांचा प्रकाश मिसळला की दाताचा रंग खोटा येतो.

२१. युनिव्हर्सिटीच्या प्रॅक्टिकलला लावू देतात का?

आपल्या डिपार्टमेंटला परीक्षेआधी विचारा, त्या दिवशी नको. साध्या लाईटला सहसा हरकत येत नाही. कॅमेरा जोडलेली लाईट मात्र परीक्षेत नेऊ नका, आणि एरवीही पेशंटची लेखी संमती असल्याशिवाय तिचं रेकॉर्डिंग चालू करू नका.

२२. सुट्टीत विमानाने घरी जाताना लाईट कुठे ठेवू?

जोडलेली असो वा सुटी, बॅटरी केबिन बॅगेत. सुटे लिथियम सेल चेक-इन बॅगेत चालत नाहीत. मर्यादा १०० वॉट-अवरची आहे, आपला सेल जेमतेम ११ चा. सेलची टोकं चिकटपट्टीने झाका.

२३. लाईटवर नारिंगी फिल्टर आहेच, मग क्युअर करताना डोळ्यांपुढे वेगळं शील्ड कशाला?

कारण फिल्टर तुमच्या लाईटच्या तोंडावर आहे, डोळ्यांच्या पुढे नाही. तो तुमच्या हेडलाईटमधून निघणारा निळा प्रकाश अडवतो. क्युअरिंग लाईटचा निळा प्रकाश दातावरून उसळून सरळ तुमच्या डोळ्यांत येतो, त्याच्या वाटेत हा फिल्टर कुठेच नाही. लूप्समधून थेट टोकाकडे बघत असाल तर आणखीच वाईट. हातात धरायचं नारिंगी शील्ड किंवा नारिंगी चष्मा वापरा, असिस्ट करणाऱ्यालाही द्या. आणि क्युअर करताना फिल्टर काढायची गरज नाही, कडक करायचं काम क्युअरिंग लाईटचं आहे.